सुजाता, डबा परत आण

या सदरातले आधीचे सगळे अनुभव मी बसून वाचले. रविवार फुकट गेला. पांढरी साडी, घाटातलं वळण, "मागं वळून बघू नकोस" म्हणणारी म्हातारी... आणि खाली ओळीनं प्रतिक्रिया – "वाचून अंगावर काटा आला!" कसला काटा? मला तर कीव आली. कॉम्प्युटरसमोर बसायचं, इंटरनेट लावायचं आणि एकमेकांना लिंबू-मिरचीचे सल्ले द्यायचे. धन्य आहे.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. "नव्हता" असं लिहायची इथं फॅशन आहे, म्हणून मुद्दाम सांगते – नाही. आजही नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्मांतरानंतर घरातले देव टोपलीत भरून ओढ्याला सोडले, आणि देवांबरोबर भूतं, भानामती, अंगात येणं सगळंच सोडलं. आमच्या घरात पोर अंधाराला भ्यायलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच्या हातात बॅटरी द्यायचे आणि घरामागच्या परड्यात पिटाळायचे. "जा, बघून ये, आन् काय हाय ते मला सांग." काही नसायचं. एकदा मांजर होतं.

मग मी हे का लिहितेय? कारण माझ्याकडं एक गोष्ट आहे जिचं उत्तर मला येत नाही. मी इंजिनियर आहे, मला त्याचा राग येतो. बास, एवढंच.

मे महिना, १९९८. मी सतरा वर्षांची, बारावी सायन्सचे पेपर देऊन मोकळी झालेली. आमचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. आप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मला इंजिनियरिंगला जायचं होतं. पण आमच्या वस्तीतली एकही पोरगी तोवर घर सोडून हॉस्टेलला राहिलेली नव्हती. आप्पा धड हो म्हणेनात, धड नाही म्हणेनात. शेवटी म्हणाले, "चल सुट्टीला कोल्हापूरला. शहर बी बघू, कॉलिजं बी बघू. मग ठरवू."

आमच्यासाठी कोल्हापूर म्हणजेच मोठं शहर. मुंबई-पुण्याच्या लोकांनी खुशाल हसावं.

उतरलो उचगावात, अशोककाकांकडं. हे आप्पांचे धाकटे भाऊ. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला होते. आता, वसाहत पंचतारांकित म्हणून माणूसही पंचतारांकित होतो असं नाही, पण ते काकांना कोण सांगणार? बोलणं असं की मालक यांना विचारल्याशिवाय चहा पीत नाही. जगातल्या प्रत्येक विषयावर यांचं मत तयार. माझ्या विषयावरचं तर मी पोचायच्या आधीच तयार होतं.

"पोरीच्या जातीला डी.एड. बास झालं, दादा," पहिल्याच जेवणाला काका सुरू. "दोन वर्सांत मास्तरीण. मग लगीन. ह्यो इंजिनियरिंगचा नाद कशाला? चार वर्सं हॉस्टेलला ऱ्हाणार. कुठं जातीया, कुणासंगं फिरतीया... तू काय डेपोत बसून बघणार हाईस व्हय?"

आप्पा काही बोलले नाहीत. भाकरी रश्श्यात मोडत राहिले. मला त्याचीच धास्ती बसली. आप्पांना एखादी गोष्ट पटली नाही की ते भांडतात. गप्प बसले म्हणजे पटायला लागलंय.

पुढचे दिवस सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी शहर. रंकाळ्यावर भेळ खाल्ली. राजवाड्याच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेले वाघ बघितले. तिथंही काका मला वाघाची माहिती देत होते – मागं पाटी होती, तीच वाचून. आणि कॉलेजं? एका डी.एड. कॉलेजात काकांची ओळख निघाली, म्हणून तिथं आम्ही अर्धा दिवस बसलो. एका खाजगी कॉलेजात सफारी घातलेल्या माणसानं माझ्या दहावीच्या मार्कांच्या आधी आप्पांच्या चपला बघितल्या. नंतर मार्क विचारलेच नाहीत. आडनाव विचारलं, आणि "तुम्हांला काय, सवलत आहे" म्हणून हसला. पुढं मला एवढे मार्क पडले की खुल्या यादीतही माझं नाव होतं. पण असल्यांना यादी वाचता येत नाही, आडनाव तेवढं वाचता येतं.

शेवटी राहिलं मला हवं होतं ते कॉलेज. मुलींचं हॉस्टेल आवारातच. दुपारची वेळ, सुट्टीमुळं सगळं रिकामं. "पावणं, मेसपातूर जावा, वर न्हाय," असं म्हणून वॉचमननं सोडलं. मेसमध्ये एक मावशी तांदूळ निवडत बसलेल्या. त्यांनी न विचारता चहा टाकला.

भिंतीवर एक लाकडी फळी होती, तिच्यावर पोरींची राहिलेली भांडी. पेला, ताटली, एक चमचा. आणि एक स्टीलचा डबा. काकांना कुठं गप्प बसवतंय... त्यांनी डबा उचलला, झाकणावरची धूळ फुंकली आणि मोठ्यांदा वाचलं –

"सुजाता, डबा परत आण."

भांड्यावर नाव घालतात तसं, मशीनच्या टोकानं कोरलेलं. बाजूला ठिपक्या-ठिपक्यांचं पिंपळपान. डब्याचं बूड चेपलेलं. झाकणाची कडी तुटलेली आणि तिथं तांब्याची लालसर तार घट्ट पिळून बसवलेली.

"सुजे, तुझा डबा तुझ्याआधी हितं येऊन बसलाय की गं!" काका खो-खो हसले. "आन् ह्या म्हणं इंजिनियर व्हणार. डब्याला कडी बसवता येईना, तार गुंडाळल्या!"

मीपण हसले. हो, माझं नाव सुजाता. पण आमच्यात सुजाता ढिगानं असतात, माझ्या वर्गातच आणखी दोघी होत्या. त्यात नवल काय?

आप्पा हसले नाहीत. त्यांनी काकांच्या हातातला डबा घेतला. उलटा केला, सुलटा केला. सदऱ्याच्या टोकानं झाकण पुसलं, परत वाचलं. मग जागच्या जागी ठेवला आणि मावशींना विचारलं, "पोरींस्नी जेवायला काय काय असतंय?"

त्या संध्याकाळी काकांनी पुन्हा डी.एड.ची टेप लावली. आप्पांनी निम्म्यातच तोडलं. "अशोक, बास कर. पोरगी इंजिनियरिंगला जाणार. हॉस्टेलला ऱ्हाणार. इषय संपला." काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. काकू आत ओट्याकडं तोंड फिरवून हसत होती. मी "का?" म्हणून विचारलं नाही. विचारलं आणि मत बदललं तर?

ॲडमिशन झाली. निघायच्या दिवशी आईनं बेसनाच्या लाडवांचा डबा हातात दिला. नवा कोरा, कडी खटकन बसणारी. झाकणावर कोरलेलं – "सुजाता, डबा परत आण." बाजूला ठिपक्यांचं पिंपळपान.

मी आप्पांकडं बघितलं. "तुम्हीच सांगितलं न्हवं आईला?"

"मी? डब्याचं काय सांगायचं असतंय?"

"ते कशाला सांगतील?" आई तडकली. "शाळंला नेल्याला एक तरी डबा घरला परत आलाय तुझा? म्हणून घातलं. त्यो नाव घालणारा म्हणतोय, 'आईकडून सप्रेम भेट' घालू काय? म्हटलं, भेट कसली डोंबलाची, परत पायजे मला! पान त्यानं आपल्या मनानं काढलं."

मी म्हटलं, ठीक आहे, आप्पा सांगून विसरले. हे माझं पहिलं स्पष्टीकरण. हॉस्टेलला पोचल्यावर तो जुना डबा शेजारी ठेवून बघावा म्हणून मेसमध्ये गेले, तर भिंत मोकळी. फळीच नाही. मावशी त्याच. म्हणाल्या, "फळी? कवाधरनं मागायलोय, बसवतंय कोण?" म्हटलं, मग आपण दुसऱ्या कुठल्या मेसमध्ये गेलो असू. हे दुसरं स्पष्टीकरण. मावशी त्याच होत्या याकडं मी साफ दुर्लक्ष केलं. शिकलेल्या माणसाला दुर्लक्ष छान जमतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीवरून परत येताना एसटीच्या रॅकवरनं डबा खाली आपटला. बूड चेपलं, कडी तुटली, चिवडा सगळ्या गाडीभर. दुसऱ्या दिवशी मशीन लॅबमध्ये मोटरच्या वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचा तुकडा पडला होता, तो घेतला आणि डब्याला पिळायला लागले. भर दुपारी, चाळीस पोरांच्या गोंगाटात. आणि पिळता पिळता हात थांबला. डब्याला कडी बसवता येईना, तार गुंडाळल्या...

भ्याले. सरळ सांगते, भ्याले. तीच लालसर तार, तसाच पीळ, तसंच चेपलेलं बूड. मी तो डबा घेऊन मेसकडं पळत सुटले. आत भिंतीवर नवी कोरी फळी. सुट्टीत सुतार येऊन बसवून गेला होता. अजून रंगाचा वास येत होता आणि वर एकही भांडं नव्हतं.

त्याच संध्याकाळी एसटीडी बूथवरून काकांच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला आणि काकांना बोलावून घेतलं. "काका, त्या हॉस्टेलातल्या डब्याला कसली तार होती हो?"

"तांब्याची. का गं? घावला व्हय तुझा डबा?" आणि पुन्हा तेच खो-खो.

आयुष्यात एकच विलक्षण गोष्ट घडली, आणि तिला साक्षीदार मिळाला तो असला!

शेवटच्या वर्षी हॉस्टेल सोडताना डबा मेसमध्येच राहिला. मुद्दाम नाही. गडबड होती, टेम्पो खाली हॉर्न मारत होता. आणि शेवटी मी तीच मी. घरी पोचल्यावर आईनं आधी डबा विचारला, मग डिग्री.

पुढं पुण्यात नोकरी लागली, गाडी घेतली. आईआप्पांना बसवून कोल्हापूरला नेलं. आप्पा आणि मी रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खात बसलो होतो. आता मत बदलायची भीती नव्हती, म्हणून विचारलं, "आप्पा, त्या वेळी तुम्ही हो का म्हणालात?"

"न्हाय म्हणणार हुतो," आप्पा म्हणाले. "अशोकचं पटल्यालं मला. तुला कसं सांगायचं, ह्याचाच घोर हुता. मग त्यो डबा बघितला. म्हटलं, ही बी एक सुजाताच. हिला बी कुठल्या तरी आईनं लांबनं धाडलंय. आन् त्या आईला घोर कशाचा? डब्याचा! पोरीचा न्हाय. पोरगी सुखात असल्याबिगर आई डब्यासाठी भांडती व्हय? म्हटलं, ती ऱ्हायली तर आमची बी ऱ्हाईल."

माझ्या हातातली भेळ तशीच राहिली. मी त्यांना तारेचं सांगितलं, फळीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल तसलाच दुसरा. तांब्याची तार काय एकट्या तुलाच मिळती?" आणि भेळवाल्याला कांदा जास्त टाकायला सांगितला. माझा बाप आहे तो.

आता तुमची उत्तरं येतील, मला माहीत आहेत. कुणी म्हणेल देवाचा संकेत – देवाला दुसरी कामं नाहीत, डबे मांडत बसलाय! कुणी म्हणेल मागचा जन्म. मागच्या जन्मी वाइंडिंगची तार होती का? कुणी पोरगं इंग्रजी पिक्चर बघून टाइम मशीन सांगेल. सगळं ठेवा तुमच्याजवळ. मला एवढंच कळतं की तो डबा तिथं नसता तर मी त्या कॉलेजात गेलेच नसते, आणि मी गेले नसते तर तो डबा तिथं कुठून येणार? याच्या पुढं माझं डोकं चालत नाही.

मागच्या महिन्यात त्या हॉस्टेलातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी आमच्या ऑफिसात लागली. तिला सहज विचारलं. म्हणाली, "हो मॅडम, तारवाला डबा! आहे की फळीवर. नावामुळं कुणी टाकत नाही."

हे मी मूर्खासारखं आईला सांगितलं. तेव्हापासून तिनं धोशा लावलाय. "उचगावला तर जातीस, मग आण की जाऊन! लिवलंय न्हवं त्याच्यावर?"

गेल्या आठवड्यात उचगावला गेले होते. तिथून कॉलेजवर गेले. गेटसमोर गाडी लावली. वॉचमन नवा, पण बोलणं तेच – "पावणं, कुठं?" मी काच वर केली आणि गाडी वळवली.

मी असल्या गोष्टी मानत नाही. सुरुवातीलाच सांगितलंय, पुन्हा सांगते. पण मी तो डबा उचलून आणला, आणि त्या मे महिन्यात आप्पांच्या हाताला काही लागलंच नाही तर?

आईला सांगितलंय, कुणीतरी नेला. ती ओरडते. ओरडू दे.