कामाची पोरं

माझी वहिनी आमच्या शाळेची मोठी बाई. घरी मी तिला ‘वहिनी, तू’ म्हणते आणि शाळेच्या फाटकातून आत शिरले की ‘बाई, तुम्ही’. ती माझं ऐकत नाही, ते मात्र दोन्हीकडे सारखंच. मी दुसरीचा वर्ग घेते, लग्न केलं नाही, भावाकडे राहते, आणि माझं डोकं लवकर तापतं असं सगळे म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं पडावं असं मी अजून काही केलेलं नाही.

वहिनी कधी आवाज चढवत नाही. लहानपणी तिला गणितं जमायची नाहीत, म्हणून मास्तर तिला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. त्या भिंतीचा पोपडा कुठून कुठवर निघाला होता, ते ती आजही हवेत बोटाने काढून दाखवते. पुढे ती हट्टाने शिकली, शिक्षिका झाली, मोठी बाई झाली. खुर्चीत बसल्या बसल्या तिने आम्हा सगळ्यांना सांगून टाकलं, की या शाळेत एकही पोर कोपऱ्यात उभं राहणार नाही.

मग ज्यांना धडा झेपत नाही त्यांचं करायचं काय? वहिनी त्यांना काम देऊ लागली. वाचताना अडलेलं, रडवेलं झालेलं पोर दिसलं की ती म्हणायची, “जा बाळा, एवढी चिठ्ठी चौथीच्या बाईंना देऊन ये.” पोर उड्या मारत जायचं. बघता बघता ती शाळेची रीतच झाली. कुणी घंटा द्यायचं, कुणी कुंड्यांना पाणी घालायचं, कुणी डस्टर झटकायचं, कुणी या वर्गाचे निरोप त्या वर्गात न्यायचं. आम्ही त्यांना ‘कामाची पोरं’ म्हणायचो आणि अगदी कौतुकाने म्हणायचो. आमच्या शाळेत पोरं रडत नाहीत, अशी ख्याती होती. त्यांना वाचता येत नाही, अशीही होती, पण तिच्याकडे आम्ही कानाडोळा करायचो. आईबाप कारखान्यात पाळीवर, घरात पुस्तक नाही, पोरं वर्षाच्या मधेच येतात आणि मधेच जातात, ही कारणं आम्हाला तोंडपाठ होती.

कामाच्या पोरांतला पहिला म्हणजे टोल्या. वहिनी नुकतीच मोठी बाई झाली होती आणि एक वर्गही घ्यायची, त्या वर्गात होता. घंटेचे टोल इतके नेमके द्यायचा की नावच पडलं. आता तो दोन लेकरांचा बाप आहे आणि आमच्याच शाळेत शिपाई आहे. वहिनीनेच खटपट करून त्याला चिकटवला. घंटेचा दोर कसा धरायचा, हात कधी सैल सोडायचा, हे नव्या पोरांना तोच शिकवतो. वहिनीचा त्याच्यावर फार जीव. “कोपऱ्यात उभा केला असता, तर आज कुठे असता हा?” असं ती मला कितीदा तरी म्हणाली असेल. मीही मान डोलवायचे.

त्या वर्षी घंटा भिंगरीकडे होती. भिंगरी चौथीतली, पाय लांब, एका जागी ठरेल तर शपथ. निरोप घेऊन ती पॅसेजमधून अशी सुटायची की कोपऱ्यावरची कुंडी दोनदा फुटली होती.

आणि मग वरच्या ऑफिसातले साहेब आले. त्यांनी चौथीच्या पोरांची वाचनाची परीक्षा घेतली, निकाल पाहिला आणि चष्मा काढून पुसत बसले. वर्षअखेरीला पुन्हा परीक्षा होईल, म्हणाले. सुधारणा दिसली नाही तर शाळा बंद, आणि पोरं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत. तोवर मदतीला एका नावाजलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आठवड्यातून दोन दिवस येतील.

हमरस्त्यावरून दिवसभर मालाचे ट्रक धावतात. आमची निम्मी पोरं तो ओलांडून जाणार नाहीत, घरीच बसतील, हे सांगायला कुणा साहेबाची गरज नव्हती. “शाळा राहिली पाहिजे गं,” वहिनी घरी येऊन म्हणाली. “माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

आलेल्या बाईंना आम्ही पाहुण्या बाई म्हणू लागलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आमच्या घरात येऊन आमचीच भांडी मोजणारी ही कोण? चार शब्द सुनवायचे असं मी ठरवूनच ठेवलं होतं, पण ती सुनवण्याजोगं काही करेना. वर्गात आली नाही, वह्या मागितल्या नाहीत. पॅसेजच्या टोकाला एक स्टूल ओढलं आणि बसून राहिली. चालताना तिचे बूट कुरकुरायचे, तेवढाच तिचा आवाज. “बसायचा पगार मिळतो वाटतं काहींना,” मी जाता जाता म्हटलं. तिने ऐकलं आणि हसली. त्यामुळे तर मी आणखीच भडकले.

असे काही दिवस गेले. एकदा मी वहिनीच्या खोलीत काहीतरी विचारायला गेले, तर पाहुण्या बाई तिथे बसलेल्या.

“बाई, मी पॅसेजमध्ये बसते ना, तर मला रोज तीच तीच मुलं दिसतात,” त्या म्हणत होत्या.

“फार कामाची आहेत ती,” वहिनी कौतुकाने म्हणाली.

तेवढ्यात भिंगरी धापा टाकत आली. तिसरीच्या बाईंची चिठ्ठी होती. तिने ती पुढे केली, पण पाहुण्या बाईंनी हात पुढे केला नाही.

“काय लिहिलंय गं त्यात?”

भिंगरी हसली. “मला काय माहीत? मी फक्त पोचवते.”

“वाच की मग.”

भिंगरीने चिठ्ठी उघडली. बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग तिने वहिनीकडे बघितलं, रोज बघायची तसंच, पाठवलं की पळायच्या तयारीत. “बाई,” ती म्हणाली, “कुंड्यांना पाणी घालून येऊ?”

पाहुण्या बाई बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. वहिनीने भिंगरीला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. शेवटी मीच ती चिठ्ठी घेतली. खडू संपले होते, एवढंच त्यात लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी वहिनीच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं. माझा भाऊ रंगारी आहे, दिवसभर शिडीवर उभा राहून आलेला. एक घास घेतला आणि म्हणाला, “अगं, आज समुद्राच्या पाण्यात शिजवलीस का?” वहिनी तीच भाजी शांतपणे खात होती. जेवणानंतर मी तिच्या शेजारी बसले.

“वहिनी, एकदाचं रडून घे.”

“येत नाही,” ती म्हणाली. “दात काढताना गाल बधिर करतात ना, तसं झालंय. आपलाच गाल, पण लागत नाही.”

ते तसंच राहिलं. दिवस गेले, महिने गेले, वहिनी सगळं करत राहिली आणि तिला काहीच लागेना. पाहुण्या बाई म्हणाल्या, सकाळचा पहिला तास साऱ्या शाळेने फक्त वाचायचं. वहिनी म्हणाली, बरं. पोरांची इयत्ता बघायची नाही, कुणाला कुठवर वाचता येतं ते बघून गट करायचे. बरं. त्या वेळेत एकही पोर पॅसेजमध्ये दिसता कामा नये, घंटा शिपायाने द्यायची. यालाही बरं. वर्गात गेलं की शिक्षिकेजवळ उभं न राहता पोराशेजारी बसायचं आणि त्याचं वाचणं ऐकायचं, हेही वहिनी त्यांच्याकडून शिकली. दोघी मिळून एकेका वर्गात जायच्या, मागच्या बाकावर बसायच्या. पूर्वी ती वर्गात आली की पोरं तिच्या हाताला लोंबकळायची. आता ती यायची, ऐकायची आणि निघून जायची.

पाहुण्या बाईंनी आम्हाला त्यांची शाळाही दाखवली. मी खोट काढायचं ठरवूनच गेले होते. दिवसभर शोधून एक गळका नळ सापडला.

पोरांना हे बिलकुल आवडलं नाही. काम गेल्यावर ती हिरमुसली, काही शाळेत येईनाशी झाली. भिंगरीच्या हातून दोर काढून घेतला, तेव्हा ती वहिनीच्या दारात येऊन उभी राहिली. “बाई, माझं काय चुकलं?”

“काही नाही,” वहिनी म्हणाली. “वर्गात जा.”

तिची आई तर भांडायलाच आली. “पोरगी हसत शाळेत पळायची. आता सकाळ झाली की पोटात दुखतं म्हणते. काय केलंत तुम्ही तिला?” मी पदरचे दोन शब्द घालून उत्तर देणार होते, पण वहिनीने मला डोळ्यांनीच गप्प केलं. तिने त्या बाईचं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, फाटकापर्यंत सोडून आली. परत आल्यावर टेबलावरचे कागद नीट करत बसली, जे आधीच नीट होते.

भिंगरी माझ्या गटात आली. दुसरीच्या बाकाखाली तिचे पाय मावायचे नाहीत, आणि तोंड तर तिने शिवूनच घेतलं होतं. मी चिडले, मी समजावलं, मी खाऊची लालूच दाखवली. काही उपयोग नाही. तेव्हा पाहुण्या बाईंनी सुचवलं, तिला चिठ्ठ्या पोचवू द्या, पण गटातल्या गटात, आणि देण्याआधी वाचून दाखवायची. ही युक्ती मला सुचली असती तर मला फार आवडलं असतं. पहिली चिठ्ठी ‘पाणी दे’ एवढीच होती. भिंगरीने ती वाचायला निम्मा तास घेतला. मग उठली, पाणी आणलं आणि माझ्यासमोर दाणकन ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी येऊन बसली होती.

वर्षअखेरीला साहेब पुन्हा आले. भिंगरीने शब्दाखाली बोट धरून, अडखळत, घाम पुसत अख्खा उतारा वाचला. तिच्यासारखी बरीच होती. साहेबांनी या वेळी चष्मा काढला नाही. शाळा राहील, असं जातानाच सांगून गेले.

आम्ही बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. वहिनी टाळ्या वाजवत होती, पण हात दुसऱ्या कुणाचे असावेत तशी. मला तिचा राग आला. एवढं मिळवलं आणि हिच्या तोंडावर काहीच नाही! निघताना पाहुण्या बाईंनी तिचा हात हातात घेतला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बाई, आधीची पोरं?”

“कुठली?”

“इतक्या वर्षांची. जी शिकून गेली. म्हणजे, गेली.”

“त्याचं उत्तर माझ्याकडे नाही,” पाहुण्या बाई म्हणाल्या, आणि बूट कुरकुरवत गेल्या. त्या माणूस चांगल्या होत्या, हे मी इथे एकदाच लिहून ठेवते.

नंतर चार दिवसांनी लेखी हुकूम आला आणि आम्ही तो पॅसेजमधल्या सूचनांच्या फळ्यावर लावला. सुट्टी व्हायच्या आधीची वेळ. मी आणि वहिनी तिच्या खोलीच्या दारात उभ्या होतो. टोल्या फळ्यासमोर उभा होता, हात मागे बांधून. हुकमाकडे बघत होता. शेजारून भिंगरी चालली होती, तिला त्याने हळूच थांबवलं.

“काय लिहिलंय गं? माझी नोकरी आहे ना?”

भिंगरीने बोट लावून वाचून दाखवलं. सावकाश, एकेक शब्द. टोल्या मान खाली घालून ऐकत होता. “शिपायाचं पद कायम,” इथे ती आली, तेव्हा त्याने श्वास सोडला. “हुशार झालीस की,” तो म्हणाला.

टोल्याला वाचता येत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पॅसेजमधली एक फरशी हलते हेही ठाऊक आहे, पाय आपोआप तिला चुकवून पडतो. मी वहिनीकडे बघितलं. तिने दाराची चौकट धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाचनाच्या तासाला, तिने टोल्याला खोलीत बोलावलं. टेबलावर दुसरीचं पुस्तक होतं, माझ्याकडूनच मागवलेलं; गटाला वाचायला लावून मी ते द्यायला आले होते.

“आजपासून रोज या वेळेला इथे यायचं,” वहिनी म्हणाली.

“बरं. काय काम आहे बाई?”

“काम नाही. बसायचं.”

टोल्याचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. “बाई,” तो म्हणाला, “माझं काय चुकलं?”

वहिनीचा इतक्या महिन्यांचा तो बधिर गाल थरथरायला लागला, आणि ती बाळा, बाळा एवढंच म्हणत राहिली, त्या दोन लेकरांच्या बापाला. माझे डोळे भरून आले आणि मी पुस्तकाकडे बघत राहिले.

टोल्या खुर्चीच्या कडेवर टेकला. वहिनीने डोळे पुसले, पुस्तक उघडलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. तो त्यातल्या चित्राकडे बघत होता, आणि एक कान घड्याळाकडे होता. थोड्या वेळाने तो उठला.

“घंटेची वेळ झाली. जाऊ?”

“जा,” वहिनी म्हणाली. “पण परत ये.”

टोल पडले, नेहमीसारखे नेमके. वर्गावर्गांत बाकं सरकली. आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो होतो. पॅसेजमधून त्याच्या चपला वाजत जवळ आल्या, दाराशी जरा घुटमळल्या, आणि तो आत येऊन बसला.