डाव्या बाजूच्या विटा

भट्टी दुरुस्त करणारा तो मिस्त्री बार्शीटाकळीहून एकदाच आला होता. आमच्या अकोल्याच्या बेकरीची भट्टी दोन दिवस विझवून ठेवली, तरी आतल्या विटा कोमट होत्या. तो पोटावर सरपटत आत गेला आणि टॉर्च बंद करून तळहातानं फरशी चाचपत राहिला. पावाचे पत्र्याचे ट्रे तापल्या विटांवरून सारून सारून तिथं दोन चर पडले होते.

"पहिले दोघं होते ना इथं?" आतून आवाज आला.

"कावून? कशावरून म्हनता?"

"उजवा चर गुळगुळीत आहे. डाव्यात काजळी बसली. तापली वीट घासल्यानंच झिजते, अन् तिकडं कोनी घासूनच नाही राह्यलं. डाव्याबी बदलू काय?"

"राहू द्या."

डावीकडे दादा उभा राहायचा, धुरानं खोकत खोकत ट्रे सारायचा. हिस्से झाल्यावर त्यानं अमरावतीला स्वतःची बेकरी टाकली. सहा वर्षं आमचं बोलणं नाही. यातलं मी मिस्त्रीला काही सांगितलं नाही.

काम झाल्यावर तो बशीतला चहा फुंकत बसला.

"मांगच्या महिन्यात अमरावतीले एक भट्टी दुरुस्त केली. मानूस एकटाच, तरी डावीकडूनच ट्रे सारते. उजव्या विटा कोऱ्याच्या कोऱ्या. म्या म्हटलं, इकडूनबी सार ना बावा. तर तुमच्यावानीच म्हने, राहू द्या."

मी त्याच्या बशीत आणखी चहा ओतला.

"अजून खोकते काय तो?" मी विचारलं.