दोन वेळची धार

मंगल, कान इकडे कर. फोनवर "आत्या, बाळ झाल्यावर दूध वाढवायला कोणता पंप घेऊ?" एवढं विचारलंस आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवूनही दिलास. अशा घाईनं चपला घेतात गं, पंप नाही. आता हे रेकॉर्ड करून पाठवतेय, सगळं ऐकून घ्यावं लागेल. तुझ्यासारख्या बाकीच्या पोरींनीही ऐका. कारण पंपाचं नाव निघालं की मला पारोळ्याचे नाना आठवतात, आणि इतक्या वर्षांनीही डोकं तापतं.

मी काही नर्स नव्हे. धुळ्यात बाळंतपणाच्या दवाखान्यासमोर आमचं सर्जिकल सामानाचं दुकान होतं. सलाइनचे सेट, बेडपॅन, थर्मामीटर, पोटाचे पट्टे. शिकले ते काउंटरवर, येणाऱ्या बायांना विचारून विचारून. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे पंप दोनच प्रकारचे यायचे. एक काचेचा, मागे रबरी फुगा, रिक्षाच्या भोंग्यासारखा. फुगा दाबून सोडला की ओढ बसते. स्वस्त. पण ती ओढ आपल्या हातात राहत नाही. फटकन बसते, बाईला चिरा पडतात, आणि दूध फुग्यात शिरलं की तो आतून धुता येत नाही. दुसरा मुंबईहून यायचा. प्लास्टिकचा, नळकांड्यात नळकांडं. बाहेरचं हळूहळू खाली ओढायचं, दुखलं की थांबायचं. सगळा सुटा होतो, उकळता येतो.

नाना काउंटरला उभे. घरी म्हशी, पारोळ्यात दुधाचे रतीब. सून सुनंदा. तिला माहेरी दोंडाईच्याला पाठवायच्या आधीच कळा आल्या, म्हणून धुळ्याला आणली. पोरगी वेळेआधी झाली, ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. चोखायची ताकद नाही, म्हणून आईचं दूध काढून नळीनं द्यायचं. सुनंदाचा नवरा वरणगावला फॅक्टरीत, रजा संपवून परत गेलेला. सगळा कारभार नानांकडे.

नानांनी दोन्ही पंप स्वतःच्या गालाला लावून पाहिले.

"हाऊ भोंगावाला द्या ताई. जोरमा वढस."

"नाना, विहिरीवर मोटार बसवताय का? जोर नको. पोर ओढतं तसं हळू पाहिजे."

कुरकुरत का होईना, नळकांड्याचा नेला. मी बजावलं, दूध कमी असलं तर जास्त वेळा काढा. त्यांनी मान डोलावली.

आठवडा गेला नसेल, पंप माझ्या काउंटरवर आपटला. "खराब शे. बठ्ठं दूध आटी गयं. बदली द्या."

मी पंपाच्या तोंडावर तळहात लावून ओढून पाहिला. हात चांगला चिकटला. "पंप ठणठणीत आहे नाना."

"मंग सूनच भाकड शे. पावडरना डबा द्या."

भाकड म्हणजे आटलेली म्हैस, दावणीला बांधून नुसती चारा खाणारी. एका बाळंतिणीला हा शब्द! माझं अंग पेटलं. मी शटर ओढलं आणि म्हटलं, "चला, दाखवा कुठं आहे तुमची भाकड."

धुळ्यातच, देवपुरात नात्यातल्यांच्या घरी त्यांना एक खोली दिली होती. नानांची बायको दारातच आडवी. "आत नका येऊ, विटाळ शे."

"माझं दुकानच विटाळावर चालतं. बाजूला व्हा."

सुनंदा बाजेवर. छाती दगडासारखी, अंग कढत. मी विचारलं, किती वेळा काढतेस?

"सकाळी आन् संध्याकाळी. मधी काढलं तर धार साचत नाही, असं नाना म्हणतात."

"म्हैस दोनदाच पिळतस," नाना दारातून. मला शिकवत होते!

"रेडकू मोकळं सोडलं तर किती वेळा लुचतं?"

"दिनभर लुचस."

"मग दोनदा कोणासाठी पिळता? रतिबासाठी! इथं रतीब घालायचा नाही, रेडकू जगवायचंय. दूध हंड्यात साचतं तसं नाही साचत. भरलेली छाती अंगाला सांगते, आता बनवू नको. रिकामी केली की अंग पुन्हा बनवतं."

 मी सुनंदाला विचारलं, "पोरीला पाहिलंस?"

तिनं मान खाली घातली. सासूच बोलली, "सव्वा महिना बाळंतीणले भायेर जाता येत नई."

पोरगी तिकडे काचेत, आई इकडे बाजेवर, आणि मध्ये यांचा सव्वा महिना! मी ओरडलेच. "नाना, रेडकू मेलं तर काय करता?"

"कातडीमा कडबा भरीसन म्हैसफुढे ठेवतस."

"का?"

"नई ते पान्हा सोडस नई."

"म्हशीला मेलेलं रेडकू दाखवता, आणि हिची पोरगी जिवंत आहे हो!"

 मग नानांनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "मी रिक्षा बलावस."

पेटीच्या बाजूच्या भोकातून सुनंदानं हात घातला. पोरीनं तिचं बोट धरलं. थोड्या वेळानं पाहते तर पदर ओला. मी तिथंच वाटी धरली. गरम फडका लावायचा, हलकं चोळायचं, मग पंप, शेवटी हातानं, दोन्हीकडून. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिले दिवस वाटीचा तळही झाकेना. सुनंदा वॉर्डाच्या बाकावरून हलली नाही. हळूहळू वाटी भरू लागली, पोरीला बळ आलं, आणि एक दिवस ती स्वतः चोखायला लागली. पंप धुऊन पिशवीत गेला.

घरी निघताना नाना दुकानावर आले. वाटलं, सुनेबद्दल एखादा शब्द बोलतील. तर म्हणतात कसे, "भोंगावाला नई लिधा, बरं जायं. माले आधीच समजेल व्हतं." म्हणजे भोंगा नको हे यांनाच आधी कळलं होतं! मी काउंटरवरची कात्री घट्ट धरून ठेवली.

तर मंगल, पंप असा घे की ओढ तुझ्या हातात राहील आणि सगळा सुटा होऊन उकळता येईल. बाकी दूध पंप आणत नाही, वारंवार काढणं आणतं. आणि "दोनदा पुरे" म्हणणारं घरात कोणी असेल तर त्याला आधी रेडकाचं विचार. आता पुन्हा फोन नको. आईला घे आणि ये धुळ्याला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करते. लवकर ये, पोट फार वाढायच्या आत. रस्ता खड्ड्यांचा आहे.