सहा साक्षीदार, मुक्काम कचेरी

सरकारी कचेरीत नोकरी केली की फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फायलींना निदान वाळवी तरी लागते! परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तहसिलीत राहिलेल्या सहा साक्षीदारांचे किस्से मी अजून सांगत असतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. चारठाण्याकडच्या सहा जणांना एका मुकादमानं ऊसतोडीला म्हणून नेलं आणि परराज्यात एका खाणवाल्याला चक्क विकून टाकलं. जीव मुठीत धरून ती माणसं पळून आली, केस उभी राहिली. पण गावी जावं तर मुकादमाचे लोक टपलेले. म्हणून कोर्टाच्या तारखेपर्यंत त्यांना कचेरीमागच्या खोलीत ठेवायचं ठरलं. ही सहा माणसं पांगली असती, तर मुकादम सुटलाच म्हणून समजा.

*

राहायचं तर परवाना हवा. आणि साक्षीदारांसाठी छापील फॉर्मच नव्हता! मी आपला जत्रेत उतरणाऱ्या सर्कशीचा फॉर्म काढला. जनावरांची संख्या: निरंक. खेळाची वेळ: सकाळी अकरा, कोर्टात.

तहसीलदार रावसाहेबांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "तंबूचा रकाना मोकळा का सोडला?"

*

पोलीस सगळे नामांतराच्या बंदोबस्ताला. मग पहाऱ्यावर आमचा शिपाई गफूरभाई. एका बाजारच्या दिवशी रावसाहेब तपासायला गेले तर दाराला कुलूप, आत चिटपाखरू नाही! रावसाहेबांना घाम फुटला. तेवढ्यात गफूरभाई सहाही जणांना घेऊन, वांग्यांची पिशवी हलवत बाजारातून हजर.

"गफूर, पहारा कशावर करतोस तू?"

"साब, मी ह्यांच्याच संगं हाय ना! खोली कुटं पळून जायलीय?"

*

एकदा दिल्लीहून फिरत फिरत एक कागद आला. माणसांच्या चोरट्या व्यापाराबद्दल संसदेत प्रस्ताव येणार आहे, साक्षीदारांना तात्पुरता राहण्याचा परवाना द्यावा काय, अभिप्राय कळवा. रावसाहेब खूश! "आपण दिल्लीच्या पुढं आहोत!" त्यांनी सहा जणांतल्या थोरल्या कोंडाबाईंनाच विचारलं, "मावशी, काय लिहू?"

"लिवा, दाराला कडी आतून पायजे. खाणीवर बाहेरून व्हती, हितंबी बाहेरूनच हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी सुतार बोलावून कडी आतून बसवली.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब तपासायला गेले तर मावशी दारच उघडीनात! आतून आवाज आला, "परवाना दावा!"

*

शेवटी तारीख आली. मुकादम पांढऱ्याशुभ्र कपड्यात, हात जोडून पिंजऱ्यात उभा. त्याच्या वकिलाचं एकच पालुपद, "माझ्या अशिलानं ह्या लोकांचं तोंडसुद्धा कधी पाहिलेलं नाही!" आमच्याकडं लेखी पुरावा म्हणाल तर एक चिठोरं नाही. एवढे दिवस सांभाळलेली माणसं, आणि हा पठ्ठ्या आता हसत घरी जाणार!

जज्जसाहेब वैतागून म्हणाले, "साक्षीदारांना आत घ्या, आधी हजेरी होऊ द्या."

कोंडाबाई पुढं, बाकीचे मागं, सगळे माना खाली घालून एका ओळीत उभे राहिले. सहावा किसन पाणी प्यायला बाहेर थांबला होता. शिपाई अजून नावांचा कागदच शोधत होता.

तेवढ्यात पिंजऱ्यातून मुकादमाचं बोट ओळीवरून सरसर फिरलं आणि तो खेकसला,

"पाचच? किसन्या कुटं मेला रं?"