एकात तीन आणि एक शेगडा

देवाने माणसाला बघायला डोळे, ऐकायला कान आणि चालायला पाय अशी वेगवेगळी सोय केली, ही आमच्या साडूंच्या मते जागेची निव्वळ उधळपट्टी आहे. त्यांच्या हातात असतं तर त्यांनी सगळं एका डब्यात बसवून वर एक बटण दिलं असतं. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान, मुक्काम शिरूर. माणूस कष्टाळू, मनाने निर्मळ, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. फक्त एका वस्तूने एकच काम करून गप्प बसावं, हे त्यांना बघवत नाही.

त्यांच्या घरातला सोफा रात्री पलंग होतो, असं तो विकणाऱ्याचं म्हणणं. प्रत्यक्षात दिवसा त्यावर बसणारा मागे कलंडतो आणि रात्री झोपणारा घडीत सापडतो. मी दोन्ही भोगलेलं आहे. भिंतीवर घड्याळ, कॅलेंडर आणि तापमापी असं एकत्र कुटुंब टांगलंय, त्याच्या मते शिरूरला बारा महिने कडाक्याची थंडी असते. स्वयंपाकघरात चिरणारं, पिळणारं आणि कणीक मळणारं एक यंत्र आहे. ते धुण्यात सकाळ जाते म्हणून मेहुणी त्यावर चहाचे कप पालथे घालते. "बघा दाजी, त्येला अजून एक काम लागलं," असं साडू मला अभिमानाने सांगतात. घराची वास्तुशांत आणि मुलीचं बारसंही त्यांनी एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर उरकलं होतं. होमाच्या धुराने पोर रडतंय, आत्याबाई तिच्या कानात कुर्र करतायत आणि गुरुजी हातात आहुती घेऊन ताटकळलेत, असा तो सोहळा होता. आहेर नक्की कशाचा करायचा ते न कळल्याने निम्मे पाहुणे नुसते जेवून गेले.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पुढचं आठवलं की अजून डोकं फिरतं.

आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, शिरूरला वर्कशॉप होतं. दोन मुलीच, म्हणून नजर कमी झाल्यावर त्यांनी ते साडूंच्या हाती दिलं. मी दौंडला रेल्वेत, मला त्यातलं काही कळत नाही. पण तिथली हत्यारं मला माणसांसारखी ओळखीची होती. लेथ, ड्रिल, ग्राइंडर आणि दाराजवळ लोखंड आवळून धरणारा शेगडा. शेगड्याच्या एका जबड्याचा कोपरा तुटलेला होता. आबांनी उमेदीत त्यावर उगाच घण घातला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो कोपरा दाखवून ते म्हणायचे, "ही माझी शाळेची फी." आबांचं तत्त्व साडूंच्या बरोबर उलटं. "यकाला यकच काम सांगावं. मंग ते मन लावून करतंय." खंडेनवमीला ते प्रत्येक हत्यार स्वतः पुसायचे आणि प्रत्येकाला वेगळं हळदकुंकू, वेगळं झेंडूचं फूल द्यायचे. त्या दिवशी कुणी साधा पाना उचलला तरी ओरडायचे, "ऱ्हाऊ द्या, आज त्येंची सुट्टी हाय."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आबा आमच्याकडे दौंडला येऊन राहिले, तेवढ्यात साडूंनी डाव साधला. कुणालाही न विचारता लेथपासून शेगड्यापर्यंत सगळं दौंडच्या एका भंगारवाल्याच्या टेम्पोत घातलं आणि त्या जागी टेबलावर मावेल असं एक मशीन आणून ठेवलं. एक डोकं बसवलं की ते प्लास्टिकच्या वस्तू छापतं, दुसरं बसवलं की लेझरने नावं कोरतं, तिसरं बसवलं की लाकडावर नक्षी काढतं. एकात तीन. साडूंचं जन्माचं सार्थक झालं.

मशीन वाईट नव्हतं, हे मला चिडूनही कबूल करावं लागतं. आमच्या कुकरच्या झाकणाची तुटलेली मूठ त्याने हुबेहूब करून दिली. घरात बसून हौसेची कामं करणाऱ्याला ते सोन्यासारखं. पण वर्कशॉपात शेतकरी लोखंड घेऊन येतो. एकदा मी तिथे असताना निमोण्याचे एक गृहस्थ कडबाकुट्टीचं पातं घेऊन आले. एक भोक मोठं करायचं होतं. मशीन तेव्हा कुस्त्यांच्या फडासाठी एक सन्मानचिन्ह छापण्यात गुंतलेलं.

"ते झाल्याबिगर दुसरं काम घेता येत न्हाई," साडू म्हणाले. "आन् मंग डोकं बदलावं लागंल."

"आन् बदलल्यावर लोखंडाला भोक पडंल?"

"तेवढं पडणार न्हाई."

"मंग ह्यो डबा करतोय तरी काय? तकडं म्हशी उपाशी हायत माझ्या." गृहस्थ पातं उचलून चालते झाले. त्यांच्या मागोमाग हळूहळू बाकीचेही गेले. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय.

पण मला गिऱ्हाइकांचं दुःख नाही. डोळ्याची पट्टी सुटल्यावर आबा शिरूरला परतले, ते ऐन खंडेनवमीला. हातात ताट, ताटात झेंडू. साडू दारात उभे, चेहऱ्यावर नुसता उजेड. "आबा, आता लेथकडं जा, ड्रिलकडं जा, ही वणवण न्हाई. खुर्चीत बसायचं, बटण दाबायचं." खरंच, त्यांनी आबांसाठी नवी खुर्चीसुद्धा आणली होती. आबांनी रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. काळा चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"बाकीची कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

साडूंनी मशीनकडे बोट दाखवलं. मग आबांनी एक फूल उचलून मशीनवर ठेवायला हात पुढे केला, तर साडू घाईने म्हणाले, "तिथं नको आबा, सेन्सर बंद पडंल!" आबांनी ते फूल परत ताटात टाकलं आणि ताट घेऊन घरी गेले. त्या क्षणी साडूंना त्या मशीनसकट घोडनदीत बुडवावं असं मला वाटलं होतं.

आबा त्यानंतर दुकानाकडे फिरकले नाहीत. ओट्यावर बसायचे, गुडघ्यावर हात ठेवून. ज्या हातांना उभ्या जन्मात रिकामं बसणं ठाऊक नव्हतं, त्यांच्याकडे बघवत नसे. साडूंनाही बघवलं नसावं. दर रविवारी ते दौंडला येऊ लागले. आमच्याकडे चहा घ्यायचा आणि भंगाराच्या ढिगांत हिंडायचं. लेथ केव्हाच वितळून गेला होता. तरी ते येत राहिले, आणि मी त्यांच्याशी धड बोलतही नसे.

यंदाच्या खंडेनवमीला त्यांनी आबांना हाताला धरून दुकानात आणलं. मशीनवर चादर होती. दाराजवळ एक शेगडा, तेलपाणी करून चकचकीत.

"आबा, घावला बघा! दौंडातच व्हता."

आबांनी शेगड्यावरून अंगठा फिरवला. दोन्ही जबडे शाबूत होते. एकही कोपरा तुटलेला नव्हता.

"व्हय," आबा म्हणाले. "आपलाच हाय."

साडूंचे डोळे भरले. नारळ आणायच्या निमित्ताने ते बाहेर गेले. मी आबांजवळ वाकून म्हणालो, "आबा, तो कोपरा..."

"म्हाईत हाय, जावईबापू." ते हळदीचं बोट शेगड्याला लावत होते. "कुणाच्या तरी घरचाच हाय की. त्यांच्यातबी आसंल येखादा जावई."

त्यांनी शेगड्यावर फूल ठेवलं. मग दुसरं उचलून मशीनकडे वळले आणि थांबले. तेवढ्यात नारळ घेऊन साडू आत आले. "ठिवा आबा," ते हळूच म्हणाले. "आज त्येलाबी सुट्टी हाय."

आबांनी फूल ठेवलं. ताटात तरीही बरीच फुलं उरली.