घडीची खुर्ची, बारा युरो

संग्रहालयाच्या भिंतीवर माझं नाव नव्हतं. म्हातारीचं नाव दारावर हातभर अक्षरांत होतं, खुर्चीचा मोठा फोटो होता, माझ्या माकडटोपीचं वर्णनसुद्धा होतं. मी मात्र नुसता 'विक्रेता'. सहा वर्षं दर शनिवारी जिने माझ्याशी हुज्जत घातली, तिच्या प्रदर्शनात माझी किंमत एवढीच.

फ्रँकफर्टला शनिवारी नदीकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे माझं टेबल आहे. र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यातलं कंत्राटी काम संपलं तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. त्या वयात नवी नोकरी कोण देणार? मग मी माणसं गेल्यावर त्यांची घरं रिकामी करून द्यायला लागलो. मुलं लांब राहतात, त्यांना घरमालकाला किल्ली परत करायची घाई असते. मी कपाटं, ताटल्या, दिवे उचलतो आणि विकण्याजोगं असेल ते बाजारात मांडतो. कुणाची मदत घेतली नाही. भाव करायला वडिलांकडून शिकलो, ते अमरावतीकडे आठवडी बाजारात भांडी विकायचे. इथल्या लोकांना भाव करता येत नाही. दोन युरो कमी करा म्हणतात आणि नाही म्हटलं की लाजून निघून जातात.

म्हातारी तशी नव्हती. पहिल्या दिवशी आली ती सरळ टेबलापुढच्या घडीच्या लाकडी खुर्चीवर बसली आणि बसल्या बसल्याच तिचा भाव विचारला.

"बारा," मी म्हणालो.

"सात."

"सातमध्ये पाय येतील. बैठक येणार नाही."

"मग पाय द्या. बैठक मी घरून आणते."

मला हसू आलं, पण विकणाऱ्याने हसायचं नसतं. तासभर ती बसून राहिली. लाकूड पोखरलं आहे, बिजागरी गंजली आहे, खिळा टोचतो, सगळं काढून झालं. मी बारावरून हललो नाही, ती सातवरून. मग उठली, पुढच्या शनिवारी येते म्हणाली आणि गेली. पुढच्या शनिवारी खरंच आली. त्याच्याही पुढच्या शनिवारी आली.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझं डोकं फिरलं. ती सकाळी आठला, सगळ्यांच्या आधी यायची आणि काही न घेता जायची. मी मोठ्याने बोललो, शेजारच्या टेबलवाल्यांनी वळून बघितलं. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये तिला सांगितलं की पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवस नासतो, आमच्याकडे याला भवानी म्हणतात, माझे वडील पहिल्या गिऱ्हाइकाला तोट्यातसुद्धा माल द्यायचे. तिने शब्द दोनदा विचारून घेतला. तिच्याकडे एक वही असायची आणि माझं प्रत्येक वाक्य ती त्यात टिपायची. तेव्हा मला वाटलं, हिशेबी बाई आहे. हे मात्र तिने लिहिलं नाही, नुसतं ऐकलं.

पुढच्या शनिवारी आल्या आल्या तिने माझ्या बटणांच्या डब्यात हात घातला, एक बटण निवडलं आणि दहा सेंटचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. मी सवयीने ते कपाळाला लावलं. तिने ते नीट पाहिलं.

"झाली ना भवानी?" ती म्हणाली. "आता खुर्चीचं बोलू."

त्यानंतर एकही शनिवार तिने बटण घेतल्याशिवाय भाव सुरू केला नाही.

बोलता बोलता तिच्याविषयी थोडं कळलं. तरुणपणी, युद्ध संपून वीसेक वर्षं झाली असतील तेव्हा, ती आणि तिचे मित्र विचित्र उद्योग करायचे. ती एकदा तीन दिवस एका दुकानाच्या काचेमागे बसून बटाटे सोलत होती. बाहेर गर्दी जमली, पोलीस आले, वर्तमानपत्रांनी टिंगल केली. ही कला आहे असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणालो, माझ्या आईने आयुष्यभर तेच केलं, तिला बघायला पोलीस काय, माझा बापसुद्धा आला नाही. यावर ती इतकी हसली की खोकला लागला. तिच्याबरोबरच्या पुरुषांवर पुढे पुस्तकं निघाली, त्यांचे पुतळे झाले. ही चाळीस वर्षं विम्याच्या कचेरीत टाइप करत राहिली. ते सांगताना तिचा आवाज बदलला नाही, पण खुर्चीच्या हातावर नख घासत होती.

दुसऱ्या वर्षी माझी बायको गेली. दूर गार्चिंगला संशोधन करणारी मुलगी आठवडाभर राहून परत गेली. मी पुढच्याच शनिवारी टेबल लावलं, घरी बसून करणार काय? बाजारातले लोक एकेक करून आले, हात हातात घेऊन कुजबुजले आणि चटकन निघून गेले. म्हातारीने बटण घेतलं, बसली आणि म्हणाली, सात. मी म्हणालो, बारा. त्या महिन्यात नेहमीसारखं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ती चार चाकांची ढकलगाडी धरून आली. ओठ निळे पडले होते. बटण उचलताना दोनदा हातातून पडलं. ती बसली आणि सात म्हणाली. माझ्या मनात आलं, मी कसला हट्ट धरून बसलोय, ही खुर्ची मला फुकट मिळालेली.

"घ्या," मी म्हणालो. "सातला घ्या. घरापर्यंत पोचवूनही देतो."

ती नदीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सहा."

माझं टाळकं सरकलं. भाव ठरल्यावर खाली येणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. आमच्या बाजारात यावरून मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्यात. मी म्हणालो, "सहा वर्षं माझी चेष्टा चालवलीत. आता दुसरं टेबल बघा." आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. तिने उठून खुर्ची स्वतः मिटवली, टेबलाला टेकवून ठेवली आणि गाडी ढकलत गेली. पुन्हा आली नाही. बरं झालं, असं मी स्वतःला दर शनिवारी आठ वाजता सांगायचो.

या उन्हाळ्यात मुलीने मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली जर्मनमध्येच लिहिलं होतं, पप्पा, हे तुम्ही आहात का? नदीपलीकडच्या छोट्या संग्रहालयातल्या प्रदर्शनाची जाहिरात होती. फोटोत माझी खुर्ची, मागे माझं टेबल आणि माझा अर्धा हात. म्हातारी जानेवारीतच गेली होती, हे मला त्या जाहिरातीतून कळलं. तिच्या घरातलं सामान कुणी उचललं ते माहीत नाही. मला कुणी बोलावलं नाही.

मी भांडायला गेलो. प्रदर्शन मांडणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची होती. मी म्हणालो, सहा वर्षांची माझी वाक्यं भिंतीला लावलीत, नाव कुठाय? ती लगेच कबूल झाली, माफी मागितली आणि नाव लिहून घ्यायला पेन्सिल काढली. तासभर भांडायची तयारी करून गेलो होतो, पहिल्याच वाक्यात मिळालं. त्यात काही मजा वाटली नाही.

मग तिने मला सगळं फिरवून दाखवलं. सुरुवातीला पन्नास वर्षांपूर्वीचं टाइप केलेलं एक पिवळं कार्ड होतं: 'विकणाऱ्या माणसाकडे जा. त्याला मान्य होणार नाही असा भाव सांग. तो हो म्हणेपर्यंत दर आठवड्याला जा. तो हो म्हणाला की काम संपलं.' तेव्हा म्हातारीने हे एका पाववाल्याकडे करून पाहिलं होतं, तो पहिल्याच दिवशी हो म्हणाला. गालिचेवाला तीन आठवडे टिकला. आणि मग तिच्या म्हातारपणी मी. प्रत्येक शनिवारचं, वहीतून उतरवलेलं एक कार्ड, त्यावर तिचा भाव, माझा भाव, माझं एखादं वाक्य. मी वाचत गेलो तसे कान तापत गेले. म्हणजे सहा वर्षं मी कुणाच्या तरी खेळातली सोंगटी होतो, आणि मी समजत होतो की एक माणूस माझ्याकडे येऊन बसतं.

शेवटच्या कार्डावर दोनच ओळी होत्या. 'तो सात म्हणाला. मी सहा म्हणाले.'

संग्रहालयवाली म्हणाली की शेवटच्या क्षणी कलाकाराने देवाणघेवाणीची कल्पनाच उलटी केली.

मी तिथेच उभा राहिलो. लहानपणापासून बाजारातले भाव बघत आलो आहे. ठरलेल्या भावाच्या खाली माणूस दोनच वेळा येतो. एक, फसवायचं असेल तर. दुसरं, सौदा होऊच द्यायचा नसेल तर.

"त्यांना काम संपवायचं नव्हतं," मी म्हणालो. "त्यांनी स्वतःचा नियम मोडला."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली आणि मान डोलावली. तिला कळलं असं वाटलं नाही.

कोपऱ्यात काचेखाली बटणं मांडली होती, ओळीने, शेकड्यांनी. खाली लिहिलं होतं की ती स्वयंपाकघरातल्या एका बरणीत सापडली, नोंद कुठेच नाही, अर्थ अज्ञात. तिने मला विचारलं, तुम्हाला काही माहीत आहे का? मी नाही म्हणालो. नावाचंही नंतर बघू म्हणालो. तिला संग्रहालयासाठी खुर्ची हवी होती, किंमत मी सांगावी म्हणाली. मी म्हणालो, शनिवारी लागते.

नाव कसं लिहायचं हे विचारणाऱ्या दोन मेल तिने पाठवल्या आहेत. मी उत्तर दिलेलं नाही.

काल शनिवार होता. आठ वाजता मी खुर्ची उघडून टेबलापुढे ठेवली. थोड्या वेळाने एक माणूस आला, पहिलंच गिऱ्हाईक. बसून बघितलं नाही, उभ्याउभ्याच भाव विचारला. मी म्हणालो, बारा. तो दहा म्हणाला. मी म्हणालो, तेरा. तो हसला, बरं, बारा घ्या म्हणाला आणि पाकीट काढलं. मी म्हणालो, चौदा. तो काहीतरी पुटपुटत निघून गेला, आणि भवानी तशीच राहिली.