फौजी नदीपर्यंतच सांगायचा

आमच्या घरी लढाई वर्षातून एकदा व्हायची, मंडईच्या दिवशी. दिवाळी आटोपली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, घर पाहुण्यांनी भरून जातं, तलावाच्या पाळीवर शिंगाडे आणि उसाच्या कांड्या विकणारे बसतात, रात्रीच्या नाटकासाठी मंडप उभा होत असतो. त्याच दिवशी दुपारच्या एसटीतून फौजी उतरायचा. सारं गाव त्याला फौजीच म्हणायचं. तो आमच्या गावचा नव्हे, अड्याळकडचा. पण माझ्या दादासोबत एकाच दिवशी भरती झालेला, एकाच बटालियनमधला आणि एकाहत्तरच्या लढाईत दादाच्या बाजूला असलेला. तो परत आला, दादा आला नाही.

मायला त्याच्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती. आपला पोरगा कसा गेला, एवढंच तिला ऐकायचं होतं. तारेत लढाईत कामी आला इतकंच लिहिलेलं. मागाहून पत्र्याची पेटी आली, तिच्यात त्याचे कपडे, दाढीचं सामान आणि एक अर्धवट झिजलेला साबण. देह तिकडेच जाळला होता. बाबा मी पाळण्यात असतानाच गेलेले, धानाची शेती आणि आम्ही दोघं, सारं मायनं एकटीनं ओढलेलं. मग तिनं विचारू नये तर कोणी विचारायचं? शेवटी पाणी मागितलं का त्यानं, जवळ कोणी होतं का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. आणि हा बाप्पा दरवर्षी यायचा, आमच्या घरचे वडे आणि झिंगे-वांगे खायचा आणि तेवढं सोडून सारं सांगायचा.

सांगायचा मात्र असा की ऐकत बसावं. ओसरीवर खाट टाकलेली असायची. त्याच्यापुढे माय भिंतीला टेकून बसायची, मी दारात. बाजूच्या दोन-चार बायाही हातातलं काम घेऊन यायच्या. 'आमची डिव्हिजन' म्हणून तो सुरुवात करायचा. पहिल्या वर्षी मायनं विचारलं, डिव्हिजन म्हणजे काय गा? त्यानं समजावून सांगितलं की भंडाऱ्यापासून पवनीपर्यंत जेवढी गावं आहेत, त्या साऱ्या गावांतले गडी एका साहेबाच्या हुकमात चालतात असं समजा. तोफावाले वेगळे, पूल बांधणारे वेगळे, जखमी उचलणारे वेगळे, आणि सगळ्यात पुढे पायी चालणारे आम्ही. मायनं डोळे मोठे करून विचारलं, "मंग एवढ्याचा भात कोन रांधते?" फौजी पोट धरून हसला होता. पुढे पुढे मायला ब्रिगेड, बटालियन, कंपनी सारं पाठ झालं. बाजूच्या बाया तिला चिडवायच्या की बुढीला आता जनरल करा. मायला ते चिडवणं आवडायचं. तेवढा वेळ तिला पोराच्या बाजूला बसल्यासारखं वाटत असणार.

मला तरी तसंच वाटायचं. फौजी रेल्वेपासून सुरू करायचा. खिडकीतून हात बाहेर काढून दादा प्रत्येक स्टेशनवर चहा मागतोय. मग सरहद्दीजवळचा तळ, पावसाळाभर तिथंच मुक्काम, चिखल, जळवा, ओले बूट. बाकीचे पोरं कंटाळून गेलेले, कोणी ज्वारीच्या मुलखातलं, कोणी डोंगरातलं, आणि दादा मात्र खुशीत. जिकडे पाहावं तिकडे तळी, मासे आणि धान. हे तर आपलंच गाव होय, फक्त नारळाची झाडं जास्तीची, असं तो म्हणायचा म्हणे. मग हुकूम आला, डिव्हिजन निघाली. मग नदी. छातीपर्यंत पाणी, बंदुका डोक्यावर, थंडीनं दात वाजताहेत, दादा पुढे आणि फौजी त्याच्या मागे. पलीकडे निघाल्यावर दादानं मोजे पिळले आणि म्हणाला, वैनगंगा याच्याहून थंड असते. इथं माय दरवर्षी थांबवायची. "अजून एक डाव सांग बाबू, नदीचं." फौजी पुन्हा सांगायचा. पुन्हा मोजे, पुन्हा वैनगंगा. मलाही वाटायचं की यानं आता पुढे जाऊच नये. नदीपर्यंत माझा भाऊ जिवंत होता. ओला होता, कुडकुडत होता, पण होता. किती ओढ असावी माणसाला एखाद्याची, मी अजूनही कोणाला मोजे पिळताना पाहिलं की थांबून उभी राहते.

नदी ओलांडली की फौजीचा आवाज बदलायचा. "मंग डिव्हिजन पुढे गेली," म्हणायचा, आणि एकदम शेवटावर यायचा. शत्रूनं हत्यारं कशी टाकली, बंदुकांचा ढीग कसा लागला, लोकांनी गळ्यात झेंडूचे हार कसे घातले. मधलं काहीच नाही. माय विचारायची, माझा पोरगा कुठं होता तेव्हा? तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा, एसटीची वेळ झाली म्हणायचा आणि उठायचा.

मला त्याचा असा राग यायचा की विचारू नका. मी शाळेत होते तोवर गप्प बसले. नंतर माझी जीभ चालायला लागली. एकदा भाऊबीज आणि मंडई एकाच दिवशी आली. माय म्हणाली, त्याला ओवाळ, दादासारखाच आहे. मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं की मी चंद्राला ओवाळीन, पण याला नाही. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात आमच्याकडे. फौजीनं ऐकलं, मान खाली घातली आणि वडा मोडत राहिला. पुढच्या वर्षीही आला, पण नदीपुढच्या गोष्टीवर तोंड काही उघडलं नाही. भीत होता की लपवत होता, कोण जाणे. मी तर मनात काय काय रचलं होतं. हा पळून गेला असेल, दादाला टाकून आला असेल. नाहीतर कास्तकाराचा धडधाकट पोरगा फौज सोडल्यावर घरची जमीन भावाच्या हवाली करून भंडाऱ्याला भांड्यांच्या दुकानात कशाला मजुरी करील? लाज वाटत असेल गावात तोंड दाखवायला, असंच मी धरून चालले होते.

माझं लग्न झालं, पदरात पोरगी आली, तरी मंडईला मी माहेरी यायचीच. कशासाठी म्हणाल तर नदीसाठी. सासरी कोणाला सांगायची सोय नव्हती. आपल्या भावाला वर्षातून एकदा नदी ओलांडताना पाहायला जाते, हे कसं सांगणार?

असंच ऐंशीच्या आसपासचं वर्ष. लवकर येणारं हलकं धान कापून झालेलं, उशिरा पिकणारं भारी धान अजून बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांत, उभं. माय आता थकली होती, तिला कापणीला बाई-माणूस मिळेना. मंडईच्या दिवशी सकाळीच ती म्हणाली की शेतावर एक चक्कर मारून येते, कापणीला किती दिवस आहेत ते पाहते. त्या वर्षी फौजी सकाळच्याच गाडीनं आला. तोही सोबत निघाला. लढाईनंतर तो कधी आमच्या शेतावर आलाच नव्हता, एसटीतून उतरून घरी आणि घरून एसटीत. मी पोरीला कडेवर घेतलं आणि त्यांच्या मागे निघाले. ते शेत आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. तेव्हा होतं, आणि त्या वर्षी पीक असं आलं होतं की लोंबा ओझ्यानं वाकलेल्या.

कापलेल्या बांध्या होत्या तोवर सारं ठीक चाललं. मग भारी धान लागलं. धानाच्या दोन बांध्यांच्या मधून धुरा जातो, मातीचा वीतभर उंच बांध. चालायचं ते धुऱ्यावरून, हे आमच्याकडे पोराला चालता यायच्या आधी कळतं. माय पुढे गेली. फौजी धुऱ्यावर चढला, थोडा चालला आणि थांबला. मग सरळ खाली उतरला आणि उभ्या धानातून कमरेत वाकून चालू लागला. लोंबा त्याच्या पायांखाली कडकड मोडू लागल्या.

मायनं आवाज ऐकून मागे पाहिलं. पाहुणा आहे, फौजी आहे, सारं विसरली ती. आम्हा दोघांना लहानपणी बोलायची तशीच कडाडली. "धान तुडवून राहिला तू! काहून गा, कास्तकाराच्या पोटचा ना होस?"

फौजी धानातच उभा राहिला. मग म्हणाला, "तो बी हेच बोलला मावशी."

"कोन?"

"तुमचा पोरगा. धान तुडवून राहिला बे तू, म्हने."

मग त्यानं सांगितलं. इतक्या वर्षांचं साचलेलं, पण आवाज न चढवता सांगितलं. नदी ओलांडल्यावर दुसऱ्या दिवशी समोर एक गाव होतं आणि मध्ये सारं धानच धान, पिकून पिवळं झालेलं. सकाळीच हुकूम सुटला होता की धुऱ्यावरून कोणी चालायचं नाही. माणूस धुऱ्यावरून येणार हे शत्रूला ठाऊक, मशीनगनचं तोंड त्या रेघेतच लावलेलं. बाकीचे पोरं सरळ धानात घुसले. ज्वारीच्या मुलखातल्याला, डोंगरातल्याला त्यात काही वाटलं नाही. थबकले ते दोघंच, हा आणि दादा. याचाही पाय उचलेना. मग यानं डोळे मिटले आणि उतरला. दादाला सांगितलं, खाली उतर बे. दादा म्हणाला, कापायला आलेलं धान आहे ना बे, कडेकडेनं जातो, एवढाच धुरा तर आहे. आणि वर तेच बोलला, हसत, चिडवत, जे मायनं आता म्हटलं होतं. चार पावलं गेला असेल नसेल.

"मी उतरलो मावशी," फौजी म्हणाला. "मी तुडवलं. म्हनून तुमच्या घरी बसून वडे खाऊन राहिलो."

तेव्हापासून धुऱ्यावर त्याचा पाय चालत नव्हता आणि धान तुडवणंही सोसत नव्हतं. गडी शेती सोडून भंडाऱ्याला का गेला, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. माझी इतक्या वर्षांची तयार ठेवलेली भाषणं जागच्या जागी जिरली. कडेवरची पोरगी माझी बांगडी ओढत होती, मी तिला ओढू दिली.

माय धुऱ्यावर बसली. तिनं विचारलं, पाणी मागितलं का त्यानं? फौजी म्हणाला, नाही, तेवढा टाइमच भेटला नाही, जागच्या जागीच. मायनं मान हलवली. मग तिनं जे विचारलं ते फक्त तीच विचारू शकत होती.

"कोनाचं होतं ते धान?"

"मालूम नाही मावशी. गाव रिकामं होतं. लोकं कवाचेच पळून गेले होते."

"मंग कापलं कोनी?"

"आमी पुढे निघून गेलो. डिव्हिजन थांबत नाही."

वाऱ्यानं सारी बांधी हलत होती. लांबून, गावाकडून, मंडईच्या ढोलकीचा आवाज येत होता. फौजी तिथंच, मोडलेल्या धानात उकिडवा बसला. म्हणाला की भरतीच्या आधी मी तुमच्या घरी राहायला आलो होतो, तेव्हा शेतात तुम्ही त्याच्यावर कशा ओरडत होत्या ते माझ्या कानानं ऐकलं होतं. तुमचीच शिकवण होती ती. कसं सांगणार होतो तुम्हाला?

मायनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दादाच्या डोक्यावर ठेवायची तसाच, अख्खा पंजा. मग ती खाली उतरली, त्यानं तुडवलेल्या धानाशी बसली, आणि बोलायला लागली. त्याच्याशी नाही, माझ्याशी नाही. "तुडवाचं होतं बापा. सारं तुडवाचं होतं. माह्यं बी तुडवाचं होतं, त्यायचं बी तुडवाचं होतं. कायले आयकलं माह्यं." रडत नव्हती, भांडत होती. दादा समोर उभा असल्यासारखी भांडत होती, आणि मला इतकं वाटलं की त्यानं खरंच समोर उभं राहावं, पायात चिखलाचे बूट घालून, आणि आमची सारी बांधी आडवी करावी.

मी फौजीला हात दिला आणि धुऱ्यावर घेतलं. मी हात सोडला नाही. माय उठेना. "तुडवाचं होतं," म्हणत होती, आणि मोडलेलं एकेक धान हातानं उचलून, बाजूच्या उभ्या धानाला टेकवून सरळ करत होती.